दोन कागद, एक प्रश्न, ४५ मिनिटं: अमेरिकेचा इतिहास मूळ साधनांतून शिकवताना

५ मार्च १७७० च्या रात्री बॉस्टनच्या किंग स्ट्रीटवर ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच माणसं गेली. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. गोळी झाडायचा हुकूम कुणी दिला होता का, हा प्रश्न त्या दोन ओळींत येतच नाही. तो त्या वेळच्या कागदांत आहे, आणि ते कागद एकमेकांशी भांडतात. वर्गात आणायचं ते हे भांडण. पाठ संपल्यावर शोभेला एखादं जुनं पत्र दाखवलं म्हणजे मूळ साधनांतून शिकवणं झालं नाही. साक्षीदाराला वर्गात उभं करायचं आणि मुलांना त्याची उलटतपासणी घ्यायला लावायची.

पुढचं सगळं अमेरिकेतल्या आठवी ते बारावीच्या वर्गांना धरून लिहिलं आहे. तिथे शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना ते जसंच्या तसं वापरता येईल. इकडे महाविद्यालयात अमेरिकेचा इतिहास शिकवणाऱ्यांनी उतारे थोडे लांब घ्यावेत, एवढाच फरक.

बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. राजवाड्यांनी दप्तरं धुंडाळून साधनांचे खंड काढले तेव्हापासून तो आपल्या अंगवळणी पडला आहे. पण त्यासोबत एक खोडही आली. 'अस्सल' म्हटलं की आपण 'खरं' असं धरून चालतो. अस्सल म्हणजे त्या काळचा, त्या माणसाच्या हातचा, बस. अस्सल पत्रातही माणूस बेधडक थापा मारतो. पहिल्याच तासाला मुलांना हे सांगून टाका, म्हणजे पुढचे निम्मे घोळ टळतात.

आधी प्रश्न, मग कागद

बहुतेकांची सुरुवात उलट होते. एखादा देखणा दस्तऐवज सापडतो आणि मग त्याच्याभोवती तास रचला जातो. असा तास 'या पत्रात काय म्हटलं आहे?' इथेच अडकतो, आणि मुलं पत्रातली वाक्यं उचलून उत्तरपत्रिकेत ठेवतात.

प्रश्न असा हवा की त्याची निदान दोन उत्तरं पुराव्यानिशी देता येतील आणि एका तासात त्याला हात घालता येईल. 'बॉस्टनचं हत्याकांड का झालं?' हा प्रश्न तासासाठी फार मोठा आहे. 'शिपायांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन याने गोळी झाडायचा हुकूम दिला का?' हा बरोबर मापाचा. याला दोन कागद पुरतात: बॉस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर पॉल रिव्हिअर याने मार्च १७७० मध्येच छापून विकायला काढलेलं प्रसंगाचं चित्र, आणि प्रेस्टनने कैदेत असताना दिलेली स्वतःची हकीकत. तिसरा कागद हाताशी असू द्या, पण वाटू नका. सात-आठ कागदांची चळत वाटणारा शिक्षक मेहनती दिसतो खरा, पण त्याची मुलं प्रत्येक कागदावर चार मिनिटं घालवतात आणि एकही नीट वाचत नाहीत.

कागद तयार करणं

तासाचं यश इथे ठरतं, आणि हेच काम घाईत होतं.

उतारा आठवीला १५० ते २०० शब्दांचा, अकरावीला ३०० पर्यंत. गाळलेल्या जागी तीन टिंबं, बदललेला शब्द चौकटी कंसात. दर पाचव्या ओळीला क्रमांक घाला, नाहीतर चर्चेच्या वेळी 'कुठे आहे, कुठे आहे' यातच पाच मिनिटं जातात. अवघड शब्द पाच ते आठ. त्यांचे अर्थ उजव्या समासात, त्याच ओळीसमोर लिहा. पानाच्या तळाशी दिलेले अर्थ मुलं बघत नाहीत. अक्षर १२ पॉइंटचं आणि समास दीड इंचाचा, कारण मुलांनी त्यात खरडायचं आहे.

वर दोन वाक्यांची ओळख द्या: कोणी, केव्हा, कुठून, कोणासाठी. त्यात निवाडा घालू नका. 'रिव्हिअरने ब्रिटिशांना बदनाम करायला काढलेलं चित्र' असं तुम्हीच लिहून दिलंत तर मुलांना शोधायला काय उरलं?

कर्ता आणि तारीख कुठे छापायची, यालाही महत्त्व आहे. मुलं इतिहास कसा वाचतात याचे अभ्यासक सॅम वाईनबर्ग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ इतिहासकार आणि ८ हायस्कूलचे विद्यार्थी यांना तेच कागद वाचायला दिले होते. इतिहासकारांची नजर आधी कागद कोणाचा, कधीचा इथे जाते; मुलं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गोष्ट वाचावी तसं वाचत जातात. म्हणून पहिला महिनाभर ही माहिती ठळक अक्षरात वर छापा. सवय लागली की तळाशी न्या, आणि कोण खाली डोकावतं ते बघा.

अठराव्या शतकातल्या छपाईत लांब एस असतो, तो थेट एफसारखा दिसतो. रिव्हिअरच्या चित्राच्या शीर्षकातला 'मॅसकर' मुलं 'मॅफ्सकर' वाचतात आणि वर्ग हसतो. हसू द्या, मग मिनिटभरात फळ्यावर समजवा. हस्तलिखित दाखवायचं असेल तर शेजारी छापील प्रत हवीच. आजच्या बऱ्याच मुलांना अक्षरं जोडून लिहिलेलं (कर्सिव्ह) इंग्रजी वाचता येत नाही.

चित्रासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरची मोठी फाइल उतरवा, शोधयादीत दिसणारी छोटी प्रतिमा नव्हे. ३० मुलांच्या वर्गाला १५ रंगीत प्रती (दोघांत एक) आणि उताऱ्याच्या ३० साध्या प्रती. नुसत्या पडद्यावर भागवू नका. या चित्रात कस्टम हाउसवर 'बुचर्स हॉल', म्हणजे 'खाटीकखाना', अशी पाटी रंगवलेली आहे. मागच्या बाकावरून ती दिसत नाही, आणि तीच तर गंमत आहे.

हक्कांचा प्रश्न फारसा येत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेलं लिखाण आणि फोटो यांना अमेरिकेत कॉपीराइट नसतो, आणि ९५ वर्षांहून जुनं प्रकाशित साहित्य मोकळं झालेलं असतं. बाकीच्यांसाठी त्या वस्तूच्या पानावरची हक्कांची नोंद वाचा.

तास

पहिली ५ मिनिटं. प्रश्न फळ्यावर. पार्श्वभूमी चार वाक्यांत: १७६८ पासून शहरात ब्रिटिश फौज आहे, नव्या करांवरून लोक चिडलेले आहेत, मार्चची थंडी आणि जमिनीवर बर्फ, कस्टम हाउससमोर एक पहारेकरी आणि त्याच्याभोवती वाढता जमाव. थांबा. निकाल सांगायचा नाही.

पुढची ८ मिनिटं चित्राला. त्यांतली पहिली तीन पूर्ण शांततेत. कागदाची चौघडी करून एका वेळी एकच चतुर्थांश बघायला सांगा. पूर्ण चित्र एकदम दिलं की नजर मधल्या धुरावर खिळते आणि कोपरे राहून जातात. या टप्प्यावर फक्त दिसतं ते लिहायचं. 'शिपाई क्रूर आहेत' असं कुणी म्हटलं की एकच प्रश्न विचारा: 'कुठे दिसतं? बोट ठेव.' ओळीत उभे राहून एकदम गोळ्या झाडणारे शिपाई, त्यांच्या मागे तलवार उगारलेला अधिकारी, निळं आकाश, बर्फाचा पत्ता नाही, जमावाच्या हातात काठी नाही, ती पाटी, आणि पुढ्यात शांत उभा असलेला कुत्रा. यांतल्या तीन-चार गोष्टी वर्गाने काढल्या तरी पुष्कळ झालं. उरलेल्या तुम्ही सांगायची गरज नाही. मेलेल्यांमध्ये क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकन आणि मूळनिवासी वंशाचा माणूस होता, पण चित्रातल्या पडलेल्यांत तो ओळखू येत नाही. हे पुढच्या चर्चेसाठी राखून ठेवा.

मग १२ मिनिटं प्रेस्टनची हकीकत. शिक्षकाने एकदा सावकाश मोठ्याने वाचायची. त्यानंतर जोड्यांनी दोन रंगांत रेघा मारायच्या: जे त्याने पाहिलं-ऐकलं असं तो म्हणतो ते निळ्याने, जे त्याच्या फायद्याचं आहे ते लालने. पुष्कळ वाक्यांखाली दोन्ही रंग येतात. मुलं गोंधळून विचारतात, 'आता काय?' तास इथून सुरू होतो. प्रेस्टनचं म्हणणं असं: आपण हुकूम दिला नाही, आपण शिपायांच्या पुढे, बंदुकांच्या तोंडाशी उभे होतो, तेव्हा हुकूम दिला असता तर पहिला बळी आपलाच गेला असता, जमाव 'झाडा, झाडा' असं ओरडून चिथावत होता आणि शिपायांनी तोच आवाज हुकूम समजला. युक्तिवाद चांगला आहे. मात्र तो करणाऱ्याच्या डोक्यावर फाशी टांगलेली आहे आणि त्याला हा कागद लंडनच्या लोकांनी वाचायला हवा आहे.

नंतर १२ मिनिटं मेळ घालायला. फळ्यावर चार ओळींचा तक्ता: अधिकारी कुठे उभा होता, 'फायर' कोण म्हणालं, जमावाच्या हातात काय होतं, उजेड आणि जमीन कशी होती. प्रत्येक ओळीत दोन्ही कागद काय म्हणतात ते मुलांनी भरायचं. मतभेद सगळ्यांनाच सापडतात. त्यांना उलट शोधायला लावा: दोन वैरी कशावर सहमत आहेत? दोघांनाही अडचणीचं असूनही जे दोघं मान्य करतात ते बहुधा सर्वांत पक्कं असतं. हा एक नियम वर्गाच्या हाती लागला तरी तास वसूल.

शेवटची ८ मिनिटं लिहायला, चारच वाक्यं: माझं उत्तर, त्याचा पुरावा (ओळीच्या क्रमांकासह), माझ्याविरुद्ध जाणारा सर्वांत बळकट पुरावा, आणि अजून कोणता कागद मिळाला तर माझं मत बदलेल.

वर्ग वेगवान निघाला तर राखून ठेवलेला तिसरा कागद काढा. हाच प्रेस्टन १२ मार्च १७७० च्या 'बॉस्टन गॅझेट'मध्ये शहरवासीयांचे आभार मानतो, पूर्वग्रह बाजूला ठेवून तुम्ही सत्याच्या बाजूने उभे राहिलात म्हणून. लंडनला धाडलेल्या हकीकतीत तेच शहरवासी चिथावणीखोर. माणूस एकच, वाचक बदलला.

निकाल दुसऱ्या दिवशी सांगा: जॉन ॲडम्सने आरोपींची बाजू मांडली, प्रेस्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा सुटले आणि दोघं सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरून अंगठ्यावर डाग देऊन सोडले गेले. हे आधी सांगितलंत तर मुलं कागद वाचत नाहीत, निकालाला जुळणारी वाक्यं वेचतात. शिवाय ज्यूरीचा निकाल म्हणजे इतिहासाचं उत्तर नव्हे. खटल्यातल्या साक्षीदारांचं त्या अधिकाऱ्याच्या अंगावरच्या कोटावरसुद्धा एकमत नव्हतं. आणि रिव्हिअरचं चित्र मुळात त्याचं नव्हतंच; ते हेन्री पेलहॅम या चित्रकाराचं होतं, आणि त्याने २९ मार्चला रिव्हिअरला चोरीचा आरोप करणारं संतप्त पत्र लिहिलं, हे मुलांना फार आवडतं.

'सर, हा बायस्ड आहे'

सर्वांत जास्त वेळा तास मोडतो तो या वाक्यावर. मुलांना पक्षपात शोधायला शिकवलं की ती प्रत्येक कागदावर हा शिक्का मारून मोकळी होतात. कागद बाद, काम संपलं. कारण साधं आहे: पक्षपात सापडला की शाबासकी मिळते, हे त्यांना कळलेलं असतं. मग प्रश्न बदला. 'विश्वासार्ह आहे का?' असं विचारू नका. 'कशासाठी विश्वासार्ह आहे?' असं विचारा. गोळी कोणाच्या हुकमाने सुटली हे जाणून घ्यायला रिव्हिअरचं चित्र कुचकामी आहे. मार्च १७७० मध्ये बॉस्टनच्या लोकांच्या मनात काय भरवलं जात होतं, हे जाणून घ्यायला त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही. एक कागद एका प्रश्नाला खोटा आणि दुसऱ्या प्रश्नाला सोन्यासारखा असू शकतो.

याच्या उलट चूक म्हणजे 'दोन्ही बाजू आहेत, ज्याचं त्याचं मत'. आठवीत हे हमखास येतं. यावर उपाय म्हणजे लिहिण्यातलं तिसरं वाक्य. स्वतःविरुद्धचा पुरावा लिहावा लागला की 'ज्याचं त्याचं' म्हणून सुटता येत नाही.

कात्री कुठे चालवायची

उतारा छोटा करताना अर्थ उलटण्याचा धोका असतो. लिंकनने २२ ऑगस्ट १८६२ रोजी वर्तमानपत्राचा संपादक होरेस ग्रीली याला लिहिलेलं पत्र हा त्याचा नमुना. एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं तर मी तसं करीन, ही त्यातली ओळ जिकडेतिकडे छापलेली असते. तेवढीच दिली तर वर्ग म्हणतो, लिंकनला गुलामगिरीचं काही पडलं नव्हतं. पत्राचा शेवट मात्र वेगळा आहे: हे माझ्या पदाच्या कर्तव्याबद्दल झालं, सर्व माणसं सर्वत्र मुक्त असावीत ही माझी व्यक्तिगत इच्छा कायम आहे. आणि पत्राच्या बरोबर महिनाभर आधी, २२ जुलैला, मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्याने मंत्रिमंडळापुढे वाचलेला होता. तो मसुदा टेबलाच्या खणात असताना हे पत्र लिहिलं गेलं.

याचा चांगला तास होतो. अर्ध्या वर्गाला शेवट कापलेला उतारा द्या, अर्ध्याला पूर्ण पत्र, आणि काही सांगू नका. दहा मिनिटांनी दोन्हीकडचे निष्कर्ष फळ्यावर लिहा. मग तारखांची पट्टी काढा: २२ जुलै मसुदा, २२ ऑगस्ट पत्र, २२ सप्टेंबर प्राथमिक घोषणा, १ जानेवारी १८६३ अंतिम घोषणा. कात्री कुठे चालली हे मुलंच शोधतात आणि पुढे तुमच्या उताऱ्यांवरही संशय घेऊ लागतात. घेऊ द्या.

विचारणारा कोण होता?

१९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक-प्रकल्पातल्या लोकांनी एकेकाळी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. २,३०० हून अधिक मुलाखती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे, काळ मंदीचा, आणि दारात आलेला माणूस सरकारी, म्हणजे कदाचित पेन्शनच्या कामाचा. चार्ल्स्टनच्या सुझन हॅम्लिन या बाईच्या दोन मुलाखती उपलब्ध आहेत. गोऱ्या बाईशी बोलताना मालक भला माणूस होता असा सूर आहे. कृष्णवर्णीय मुलाखतकाराशी बोलताना फटके, विकली गेलेली कुटुंबं, रडणाऱ्या आया हे सगळं येतं.

दोन्हींतले दीड-दीडशे शब्द द्या आणि एकच बाई बोलते आहे हे पहिली दहा मिनिटं लपवा. उघड केल्यावर विचारा: काय बदललं? नंतर एक सूचना जरूर द्या की दुसरी मुलाखत 'खरी' आणि पहिली 'खोटी' इतकं सोपं नाही. दुसऱ्या मुलाखतकारालाही काही ऐकायचं असू शकतं. या मुलाखतींत बोली लिहिण्याची पद्धत लिहिणाऱ्यांनी ठरवलेली आहे. ती नक्कल करून मोठ्याने वाचायला लावू नका. वर्गात एखादं कृष्णवर्णीय मूल बसलेलं असतं, आणि हशा त्याच्या वाट्याला येतो.

हाच नियम सगळ्या जखमी विषयांना. वंशवाचक शिव्या असलेला उतारा असेल तर आदल्या दिवशी कल्पना द्या, आणि तो शब्द छापील राहू द्या पण मोठ्याने वाचू नका. गुलामांच्या लिलावाचं नाट्यीकरण कधीही करू नका; त्यातून काही कळत नाही आणि घरी मात्र एखादं मूल गप्प जातं. झुंडबळींचे फोटो पडद्यावर लावण्यापेक्षा कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९५ मध्ये छापलेले तक्ते द्या. नाव, जागा, तारीख, 'आरोप'. शेवटचा रकाना वाचताना वर्ग आपोआप शांत होतो.

फोटो आणि याद्या

फोटो खोटं बोलत नाही, असं मुलांना वाटतं. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर जुलै १८६३ मध्ये अलेक्झांडर गार्डनरने काढलेला दक्षिणेच्या मृत बंदूकधाऱ्याचा फोटो द्या आणि शेजारी त्याच प्रेताचा दुसऱ्या जागचा फोटो. प्रेत उचलून खडकांच्या आडोशाला आणून ठेवलं होतं. तसाच डोरोथिया लँगचा १९३६ चा, कॅलिफोर्नियातल्या निपोमोच्या छावणीतल्या आईचा फोटो. त्या दिवशीचे इतर फोटोही लायब्ररीत आहेत. ते क्रमाने लावले की चौकटीत काय आलं आणि काय बाहेर राहिलं ते दिसतं.

याद्यांकडे शिक्षक वळत नाहीत, कारण त्या रुक्ष दिसतात. १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या नोंदवहीचं एक पान झेरॉक्स करून द्या. वर मालकाचं नाव. खाली वय, स्त्री की पुरुष, वर्ण. नाव जवळजवळ कुठेच नाही. मुलांना मोजायला सांगा: दहा वर्षांखालची किती, साठच्या वर किती? मग विचारा, रकाना कुठला नाही? त्या जनगणनेत असे सुमारे ३९.५ लाख लोक होते. १८७० च्या जनगणनेत त्यांतल्या बहुतेकांची नावं प्रथमच लागतात; तेच परगणे घेऊन दोन पानं शेजारी ठेवली की वेगळं भाषण लागत नाही.

भारतीय मुलं असलेल्या वर्गासाठी

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल, तीन महिन्यांच्या अंतराने, लिहिणारे न्यायमूर्ती एकच: जॉर्ज सदरलँड. १३ नोव्हेंबर १९२२, ताकाओ ओझावा: 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, जपानी माणूस त्यात बसत नाही, म्हणून नागरिकत्व नाही. १९ फेब्रुवारी १९२३, भगतसिंग थिंड: हा पंजाबी माणूस म्हणतो, शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच आहे. आता न्यायालय म्हणतं, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. दोन्हींतून १२०-१२० शब्दांचे परिच्छेद काढा, तारखा झाका, आणि दोन्ही निकालांतली 'गोरा' या शब्दाची व्याख्या एकेका वाक्यात लिहायला सांगा. एकाच लेखणीतून आलेली विसंगती मुलं चटकन पकडतात. थिंड अमेरिकेच्या सैन्यात होता, हे शेवटी सांगा.

मराठीतही अमेरिकेच्या इतिहासाची मूळ साधनं आहेत. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि १८८९ मध्ये त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. घरी मराठी वाचणाऱ्या मुलाने त्यातल्या दहा ओळी इंग्रजीत करून वर्गात आणाव्या आणि वर्गाने विचारावं: ही बाई कोणासाठी लिहिते आहे? वाचक महाराष्ट्रातला असताना अमेरिकन स्त्रियांबद्दल ती काय ठळक करते? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामगिरी नष्ट करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निष्ठेबद्दल. त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानात कोलफॅक्स इथे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचं हत्याकांड झालं. अर्पणपत्रिका आणि त्या घटनेचं वृत्त जोडीने द्या: दुरून दिसणारी अमेरिका आणि जवळून दिसणारी. अर्पणपत्रिका फसवी आहे असा निष्कर्ष निघत असेल तर वर 'कशासाठी विश्वासार्ह' म्हटलं त्याकडे परत जा. १९४६ मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र आणि त्यांचं ३१ जुलैचं उत्तर, दोन्ही त्रोटक आहेत. अर्ध्या तासात होतात.

शोधताना

लायब्ररी ऑफ काँग्रेस, नॅशनल आर्काइव्ह्जचं डॉक्स-टीच, आणि संस्थापकांच्या कागदपत्रांसाठी फाउंडर्स ऑनलाइन. एवढ्यावर वर्ष निघतं. जुन्या वर्तमानपत्रांत शोधताना आजचे शब्द चालत नाहीत. १८९० च्या अंकांत 'आफ्रिकन अमेरिकन' टाकलंत तर हाती फारसं लागणार नाही. त्या काळात छापले जाणारे शब्दच टाकावे लागतात, ते आज कितीही टोचले तरी. अठराव्या शतकातल्या छपाईत यंत्राने लांब एसचा एफ केलेला असतो. 'काँग्रेस' सापडत नसेल तर 'काँग्रेफ्स' टाकून बघा.

जेफरसन, वॉशिंग्टन यांच्या तोंडी घातलेली बनावट सुभाषितं जालावर ढिगाने आहेत, आणि यंत्राने रचून दिलेली 'पत्रं' त्यात भर घालताहेत. फाउंडर्स ऑनलाइनवर ओळ सापडली नाही तर ती वर्गात नेऊ नका. मुलांना शिकवायला मात्र अशी एक बनावट ओळ छान: दहा मिनिटांत मूळ शोधून दाखवा म्हणायचं.

गुण

चार वाक्यांना चार गुण. उत्तर बरोबर की चूक याला गुण नाहीत. पुराव्याला ओळ क्रमांक नसेल तर तो गुण जातो, कर्त्याचा हेतू पुराव्याशी जोडला नसेल तर अर्धा. एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच द्यायची महाविद्यालयीन पातळीची) परीक्षेतल्या दस्तऐवजी प्रश्नाची तयारी याच चार वाक्यांतून होते. तिथे ७ दस्तऐवज, ६० मिनिटं (त्यांतली १५ वाचायला सुचवलेली), ७ गुण आणि एकूण निकालात २५ टक्के वजन. तिथे मुलं गुण घालवतात ते प्रत्येक दस्तऐवजाचा सारांश लिहीत बसल्यामुळे. सारांशाला तिथे किंमत नाही. दस्तऐवज आपल्या मुद्द्याच्या कामाला लावावा लागतो. दोन कागदांवर हे जमल्याशिवाय सात देऊ नका. साधारण जानेवारीत चार, मार्चमध्ये सात.

वर्ग सुटला की उताऱ्याची एक कोरी प्रत घेऊन मुलं जिथे अडकली त्या ओळींवर खूण करा, तारीख घाला आणि ती प्रत मूळ फाइलसोबत ठेवा. पुढच्या वर्षी त्या ओळींचे अर्थ समासात जातात, आणि ज्या ओळीकडे कुणाचंच बोट गेलं नाही ती गळते.